आर.ई.एम.चे १५ अल्बम: तुमचा क्रम काय, आणि मी कुठून ऐकू?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. मी २६ वर्षांचा, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. सकाळी घरी आलो की झोप लागेपर्यंत तासभर गाणी ऐकायची सवय आहे. दिवाळीत मामाकडे 'लूझिंग माय रिलिजन' लागलं होतं. गाणं आधी शंभरदा कानावरून गेलेलं, पण त्या दिवशी त्यातलं ते टुणटुणणारं वाद्य डोक्यातच बसलं. मामा म्हणाला, मेंडोलिन आहे ते, आणि बँडचं नाव आर.ई.एम.

शोधलं तर १९८३ ते २०११ मधले १५ अल्बम निघाले! अ‍ॅपवर नवा अल्बम सगळ्यात वर दिसतो, म्हणून मी वरून खाली यायला लागलो. 'कोलॅप्स इनटू नाऊ' आवडला. 'अ‍ॅक्सेलरेट' तर लागोपाठ दोनदा ऐकला. मग 'अराउंड द सन' लावला आणि तिथेच गाडी अडकली. तीन सकाळी प्रयत्न केला, तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या गाण्याला झोप लागली. शेवटी एकदम तळाला गेलो आणि पहिला 'मर्मर' लावला. तो आवडला की नाही हेच मला ठरवता येईना. गिटार छान आहे, पण गाणारा काय म्हणतो त्यातलं अक्षर कळत नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या मते या १५ अल्बमचा क्रम काय? नवख्याने कुठून सुरुवात करावी? आणि माझं इंग्रजी बेताचंच आहे, तर शब्द कळत नाहीत ते माझ्यामुळे की त्याच्यामुळे?

शालिमार

आमच्या गल्लीत १९९२ ला केबल आली. शेजारच्या काकांकडे एमटीव्ही दिसायचा आणि आम्ही सात-आठ पोरं त्यांच्या दिवाणखान्यात फरशीवर बसायचो. तिथे 'लूझिंग माय रिलिजन'चा व्हिडिओ पाहिला. पंखवाला म्हातारा, ओतून ठेवल्यासारखा पिवळा उजेड, कॅलेंडरवरच्या देवांसारखी सजलेली माणसं. परक्या देशातलं गाणं आणि चित्रं मात्र आपल्या ओळखीची, हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. नंतर कळलं की दिग्दर्शक तरसेम सिंग मूळचा जालंधरचा. १९९१ चा एमटीव्हीचा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ तोच ठरला होता.

त्यामुळे माझा पहिला नंबर 'आउट ऑफ टाइम' (१९९१), दुसरा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२), तिसरा 'ग्रीन' (१९८८). तुला मेंडोलिन आवडलं ना, मग 'ग्रीन'मधलं 'यू आर द एव्हरीथिंग' आजच ऐक. बँडचा गिटारवादक पीटर बक हे वाद्य नव्यानेच शिकत होता. टीव्ही बघता बघता हात बसवण्यासाठी काहीबाही वाजवायचा आणि ते टेप करून ठेवायचा. 'लूझिंग माय रिलिजन'ची ती धून त्या टेपमध्येच सापडली. उरलेल्या बारा अल्बमबद्दल माझ्यापेक्षा गोदाकाठ ताई जास्त सांगतील.

गोदाकाठ

पाथर्डीफाटा, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मलाही एके काळी छळत होता. मी मराठी शाळेतली. अकरावीला वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुली इंग्रजी गाणी म्हणायला लागल्या की मी नुसते ओठ हलवायचे. पुढे एका मैत्रिणीच्या दादाने मला 'मर्मर' कोऱ्या कॅसेटवर भरून दिला. आठवडाभर रोज ऐकला, पण एक ओळ धड हाताला लागेना. शेवटी लाज सोडून दादाला विचारलं, तर तो म्हणाला, अगं, तिकडच्या लोकांनाही नाही कळत. मर्मर म्हणजेच पुटपुट. त्यांचा गायक मायकेल स्टाइप तेव्हा आवाज वाद्यासारखा वापरायचा आणि शब्द मुद्दाम धूसर ठेवायचा. या लोकांनी पहिल्या दहा अल्बमवर गाण्यांचे पूर्ण शब्द छापलेच नाहीत. 'ग्रीन'वर एकाच गाण्याचे छापले, आणि सगळे शब्द पहिल्यांदा दिसले ते १९९८ साली 'अप'वर. दादाशी बोलले त्या दिवशी मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येत नाही. ज्या दारापाशी अमेरिकेतली मुलंही चाचपडत होती, त्याच दारापाशी मी नाशिकची मुलगी उभी होते. तेव्हा तू निर्धास्त ऐक.

आता क्रम. माझा क्रम कसा लागतो ते कळायला थोडं मागे जावं लागेल. मी दहाव्या वर्षापासून सात वर्षं तबला शिकले. क्लास जुन्या नाशकात, तांबट लेनच्या जवळ. शेजारी हंड्या-घागरींवर ठोके पडत असायचे. गुरुजी म्हणायचे, आधी बाहेरची लय कानात घ्या, मग तबल्याला हात लावा. तेव्हापासून कुठलंही गाणं मी खालून वर ऐकते. आधी ठेका, मग सूर आणि सगळ्यात शेवटी शब्द. म्हणून माझ्या लेखी या बँडचा इतिहास एका माणसापाशी दुभंगतो. तो म्हणजे ड्रमर बिल बेरी.

लोक त्याला नुसता ड्रमर समजतात, आणि त्याच्यावरचा हा अन्याय मला खुपतो. तो होता तोवर बँडची स्वतःची सगळी गाणी बेरी, बक, मिल्स (बास गिटारवाला) आणि स्टाइप या चौघांच्या नावावर असायची, त्यामुळे कुणाचं काय ते कागदावरून कळत नाही. पण 'मर्मर'वरचं 'परफेक्ट सर्कल' मुळात बेरीचं. 'मॅन ऑन द मून'च्या चालीचा पहिला धागा बेरीचा. 'एव्हरीबडी हर्ट्स' बरंचसं बेरीचं, आणि त्या गाण्यात ठेक्याला त्याने स्वतः न बसता एक स्वस्तातलं ड्रम मशीन लावलं! गाण्याला काय हवं ते बघून स्वतःचे हात बाजूला ठेवणारा तालवादक मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यात तो गायचाही. 'फॉल ऑन मी' हेडफोन लावून ऐक, स्टाइपच्या खाली दोन वेगळ्या ओळी चालू असतात, एक माइक मिल्सची आणि एक बेरीची. तिघं तीन गोष्टी म्हणतात आणि एकही दुसऱ्याच्या पायात येत नाही.

म्हणून माझा पहिला नंबर 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६). बेरी असलेला हा शेवटचा अल्बम. १ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला आणि काही आठवड्यांत परत वाजवायला बसला. पुढे त्याच दौऱ्यात मिल्सच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि स्टाइपचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. अशा दौऱ्यात त्यांनी हा अल्बम केला. कार्यक्रमाआधी वाद्यं तपासून घेताना, प्रत्यक्ष मंचावर, एक तर कपडे बदलायच्या खोलीत, जिथे जमेल तिथे ध्वनिमुद्रण केलं. चार गाणी तेवढी नंतर सिअ‍ॅटलच्या स्टुडिओत केली. १४ गाणी, ६५ मिनिटं. प्रवास या अल्बममध्ये पायापासून डोक्यापर्यंत भिनलेला आहे.

मी तो प्रवासातच ऐकला. १९९६ ते ९८ मी मुंबईला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते आणि रोज पंचवटी एक्सप्रेसने जाऊन-येऊन करायचे. कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती. वॉकमनचे पेन्सिल सेल उतरले की स्टाइपचा आवाज जड आणि संथ व्हायचा, म्हणून सेल वाचवायला कॅसेट बॉलपेनने फिरवून मागे न्यायची. संध्याकाळी कल्याण गेलं की डबा शांत व्हायचा. कसाऱ्याला घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागायचं. त्याचा तो हलका धक्का बसला की मी 'लीव्ह' लावायचे. सुरुवातीला मिनिटभर अगदी हळू, कुणी अंधारात चाचपडावं तसं. मग भोंग्यासारखा एक आवाज सुरू होतो तो सात मिनिटं संपेपर्यंत थांबतच नाही, आणि त्या भोंग्याखाली बेरीचा ठेका. वर घाट, बोगद्यामागून बोगदा, उघड्या खिडकीतून कोळशासारखा काळा गारवा. इगतपुरीला गाडी टेकेपर्यंत मी कॅसेट पुन्हा मागे नेऊन गाणं दोनदा ऐकलेलं असायचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये बेरी बँड सोडतोय ही बातमी आली. त्याने इतरांना सांगितलं होतं, मी गेल्याने तुम्ही बँड मोडणार असाल तर मी राहतो. ते मोडणार नाहीत याची खात्री झाल्यावरच तो गेला, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अ‍ॅथेन्सजवळ गवताची शेती करायला. आमच्याकडे दिंडोरीला द्राक्षं आहेत. नोकरी सोडून बागेकडे परतलेली माणसं मी घरात पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचा निर्णय पटला. वाईट मात्र फार वाटलं.

दुसरा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. यावर जगभर इतकं लिहिलंय की मी फक्त माझ्या कॅसेटचं सांगते. या लोकांना कॅसेटच्या दोन बाजूंना नावं द्यायची हौस होती. 'आउट ऑफ टाइम'ची एक बाजू टाइम, दुसरी मेमरी. 'ग्रीन'ची एअर आणि मेटल. 'ऑटोमॅटिक'ची ड्राइव्ह आणि राइड. राइड बाजूला शेवटून दुसरं गाणं 'नाइटस्विमिंग'. त्यात ड्रम नाहीत, बक नाही, नुसता मिल्सचा पियानो, स्टाइपचा आवाज, मागून तंतुवाद्यं आणि शेवटाकडे ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य. तंतुवाद्यांची रचना लेड झेपलिन या बँडच्या जॉन पॉल जोन्सने करून दिली होती. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्या टू-इन-वनने नेमकं तिथेच टेप खाल्ली. मी झाकण उघडून गुंता बोटांनी सोडवला, चुरगळलेला वीतभर तुकडा ब्लेडने कापला, दोन्ही टोकं काचेवर समोरासमोर ठेवली आणि मागून सेलोटेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला. जोड टिकला, पण ओबो सुरू होतो तिथले दोन-तीन सेकंद कायमचे गेले. आज फोनवर अखंड गाणं ऐकतानाही त्या जागी माझा श्वास अडतो. गाळलेले सेकंद वाजतात आणि मला दर वेळी ते नवे वाटतात.

तिसरा 'मर्मर', त्याबद्दल वर लिहिलंच. चौथा 'लाइफ्स रिच पॅजंट' (१९८६). इथे स्टाइप पहिल्यांदा स्पष्ट बोलला, आणि बोलायला लागला तो नदीबद्दल. 'कायाहोगा' हे ओहायो राज्यातल्या नदीचं नाव. क्लीव्हलंडमधून वाहते. कारखान्यांच्या तेला-रसायनांनी ती इतकी भरली होती की १९६९ साली तिच्या पाण्याने पेट घेतला. ज्यांची ती भूमी होती त्या मूळ लोकांची आठवणही गाण्यात आहे. उन्हाळ्यात दसकच्या पुलावर उभं राहून पाणवेलींनी बुजलेली गोदावरी बघ आणि हे गाणं लाव. लहानपणी आमचे काका जिथे सूर मारायचे ते कुंड आता तळाशी काँक्रीटचं आहे. नदीला नावाने हाक मारणारं गाणं मला त्यानंतर दुसरं सापडलं नाही.

पाचव्या नंबरला मी 'अप' ठेवते आणि त्यावर लोक माझ्याशी भांडतात. बेरी गेल्यानंतरचा हा पहिला अल्बम. तिघांनी त्याच्या जागी दुसरा भिडू घेतला नाही. ड्रम मशीन लावली, कीबोर्ड वाढवले, काही जागा नुसत्या रिकाम्या सोडल्या. साथीला तबलजी नसला की आपण रियाजाला तबला मशीन लावतो, तसं. ठेका बरोबर असतो, पण समेवर कुणी मान हलवत नाही. हे एकटेपण त्यांनी झाकलं नाही, त्याचाच अल्बम केला. यात खास तुझ्यासाठी एक गाणं आहे. नाव सांगत नाही, रात्रपाळीवाल्याला ते आपोआप सापडेल.

पुढचं भराभर. सहावा 'रेकनिंग' (१९८४), सातवा 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५, लंडनच्या थंडीत केला, तो ओलसरपणा ऐकू येतो). आठवा 'ग्रीन', नववा 'आउट ऑफ टाइम', दहावा 'डॉक्युमेंट' (१९८७), अकरावा 'मॉन्स्टर' (१९९४). 'मॉन्स्टर'मधलं 'लेट मी इन' निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेल्यावर त्याला उद्देशून लिहिलेलं आहे. ते एक गाणं मी पहिल्या पाचातल्या कुठल्याही गाण्याशेजारी बसवेन. बारावा 'कोलॅप्स इनटू नाऊ' (२०११), तेरावा 'अ‍ॅक्सेलरेट' (२००८), चौदावा 'रिव्हील' (२००१).

आणि शेवटचा 'अराउंड द सन' (२००४). तुला तिथे झोप लागली यात तुझ्या कानाचा दोष नाही. पहिलं 'लीव्हिंग न्यू यॉर्क' सुंदर आहे. पुढे मात्र सगळी गाणी एकाच चालीने चालतात, सगळं घासून गुळगुळीत केलेलं. बँडलाही तो नंतर आवडेनासा झाला आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. म्हणूनच पुढच्या वेळी ते २००७ मध्ये डब्लिनला गेले, पाच रात्री लोकांसमोर कच्ची गाणी वाजवून बघितली आणि मग ३५ मिनिटांच्या आत संपणारा 'अ‍ॅक्सेलरेट' केला. तू तो लागोपाठ दोनदा का ऐकलास ते यावरून कळेल.

ऐकायचा क्रम वेगळा लाव: 'ऑटोमॅटिक', मग 'लाइफ्स रिच पॅजंट', मग 'मर्मर' परत, मग 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स', मग 'अप'. एका आठवड्याला एकच. घाई करू नकोस.

जेलरोड

ताई, तुमचं 'अप'बद्दलचं मला पटलं, पण दोन ठिकाणी भांडतो.

एक, 'मर्मर' तिसरा कसा? मी गिटार वाजवतो म्हणून म्हणतो. १९८३ मध्ये जिकडेतिकडे सिंथेसायझर आणि लांबलचक गिटार सोलो चालले होते. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटच्या स्टुडिओत या चार पोरांनी ठरवलं की दोन्ही नको. पीटर बक अख्खा कॉर्ड एका फटक्यात क्वचितच मारतो, रिकनबॅकर गिटारच्या तारा एकेक करून सुट्या छेडतो. पाण्यावर एकापाठोपाठ चकत्या उडाव्यात तसं ते ऐकू येतं. मी 'टॉक अबाउट द पॅशन' बसवायला दोन महिने घेतले. डाव्या हाताला काहीच अवघड नाही, सगळं उजव्या हाताच्या संयमावर आहे. एक तार जास्त वाजली की गाणं मेलं. त्या वर्षी रोलिंग स्टोन मासिकाने मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मागे ठेवून 'मर्मर'ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं. त्याचं मुखपृष्ठही नीट बघा. कुडझूच्या वेलीने झाकून टाकलेलं रान आहे. ही वेल जपानहून आली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत झाडं, घरं, खांब काही सोडलं नाही. आपल्याकडच्या पाणवेलीसारखीच. अल्बमचा आवाजही तसाच, खाली काहीतरी आहे आणि वरून हिरवं दाट पांघरूण.

दुसरं म्हणजे 'डॉक्युमेंट' दहावा? 'द वन आय लव्ह' त्यातलंच. अमेरिकेत पहिल्या दहात गेलेलं त्यांचं पहिलं गाणं. लोक ते प्रेमगीत म्हणून एकमेकांना ऐकवतात, आणि खरं तर माणसाला वापरून टाकून देण्याबद्दलचं ते अतिशय क्रूर गाणं आहे. चार ओळींत एवढं करणारं गाणं दहाव्या नंबरच्या अल्बमवर नसतं. त्यांची पुढची दहा वर्षं ज्याने घडवली त्या स्कॉट लिट या निर्मात्याबरोबरचा हा पहिला अल्बम. किमान सहावा करा.

पाथर्डीफाटा, अजून एक सांगतो. हा बँड न्यूयॉर्कचा नाही, लॉस एंजेलिसचाही नाही. अ‍ॅथेन्स, जॉर्जिया हे अटलांटापासून दीडेक तासावरचं विद्यापीठाचं गाव. तिथेच १९८० मध्ये एका जुन्या चर्चमध्ये, कुणाच्या तरी वाढदिवसाला ते पहिल्यांदा वाजले, आणि नाव झाल्यावरही मुक्काम तिथेच ठेवला. 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हे नाव तर गावातल्या खाणावळीच्या पाटीवरून उचललंय. मला नाशकात बसून हे वाचताना फार बळ येतं. इथे वाजवणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतच असतं की मुंबई-पुण्याला जा.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण ताईंनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला एकच ऐकत होतो. पाच आठवडे झाले.

'ऑटोमॅटिक' पहिल्या दिवशीच आवडला. 'नाइटस्विमिंग'ला ओबो येतो तिथे मीही श्वास धरला, ताईंची कॅसेट न ऐकता. 'कायाहोगा' ऐकायला खरंच दसकला गेलो. गाडी पुलाच्या कडेला लावली. संध्याकाळ होती, पाणी दिसतच नव्हतं, नुसती हिरवी गादी आणि तिच्यावर चालणारे बगळे. गाणं संपेपर्यंत थांबलो. 'मर्मर'चे शब्द अजून कळत नाहीत, पण आता मी ते शोधत नाही. जेलरोड दादा, चकत्या ऐकू आल्या.

'लीव्ह'चं सांगायलाच हवं. तो भोंगा सुरू झाला आणि मी दचकून उठून बसलो. आमच्या मशीनला टूल तुटलं की असाच आवाज येतो. रात्री तीनला तो वाजला की पोटात गोळा येतो, कारण मशीनवर लावलेला अख्खा जॉब, म्हणजे तो तुकडा, बाद होतो आणि सकाळी त्याचा जाब मला द्यावा लागतो. पहिल्यांदा गाणं बंदच केलं. दुसऱ्या दिवशी ताईंचं पुन्हा वाचलं आणि ठेका ऐकायचा असं ठरवून लावलं. मग भोंगा मागे गेला आणि ड्रम पुढे आले. आता त्या आवाजाची भीती थोडी कमी झाली आहे, मशीनवरसुद्धा.

आणि 'अप'. गाणं सापडलं! अकरावं, 'डेस्लीपर'. शब्द छापलेले असल्यामुळे वाचत वाचत ऐकलं. पहाटेचे तीन, माल उतरवून घेणारं खातं, दिव्यांचा उजेड, दिवसा झोपायचं आणि जगाच्या उलट्या वेळेला जागं राहायचं. हे माझ्या आयुष्याबद्दल कुणी लिहिलंय असं आधी कधी वाटलं नव्हतं. आमच्या खोलीच्या खिडकीला आईने ताडपत्री शिवून लावली आहे. मी झोपलो की ती कुकर लावत नाही, भात पातेल्यात करते. दाराला तिने दोन वर्षांपासून पुठ्ठा टांगलाय, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला: 'आत माणूस झोपला आहे. बेल वाजवू नये.' कुरिअरवाले पण आता हळूच कडी वाजवतात. त्या दिवशी गाणं झाल्यावर मी उठून दार उघडलं आणि तो पुठ्ठा पुन्हा वाचला.

ताई, हे गाणं त्यांना सुचलं कसं? त्यांच्यापैकी कुणी रात्रपाळी केली होती का?

गोदाकाठ

जेलरोड, तुझ्यासाठी 'डॉक्युमेंट' पुन्हा दोनदा ऐकला. सहावा नाही करणार, पण 'आउट ऑफ टाइम'च्या वर आणला. 'मर्मर' मात्र तिसराच.

बाळा, तुझं वाचून उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघं कितीतरी वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि 'लूझिंग माय रिलिजन' वाजवलं. बेरीही होता. मी ती चित्रफीत फोनवर बघितली तेव्हा गाणं सोडून त्याच्याकडेच बघत राहिले होते. आज तुझ्या आईच्या पुठ्ठ्याबद्दल वाचताना तसंच झालं.

गाणं कसं सुचलं ते सांगते. न्यूयॉर्कमध्ये स्टाइप एका इमारतीत जिन्याने उतरत होता. एका घराच्या दारावर त्याला पाटी दिसली. आत दिवसा झोपणारा माणूस आहे, अशा अर्थाची. पाटीवर शब्द होता 'डेस्लीपर'. तो तिथून आवाज न करता खाली उतरला.